व्हिस्कीच्या जकातीचा दहा वर्षांचा हिशेब झाला, कोयत्याचा कधी? – व्यापार करार करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वाणिज्य मंत्रालयात मुक्त व्यापार करारांची बोलणी करणारे सगळे साहेब आणि मॅडम,
नवी दिल्ली

डिसेंबर २०२५

सप्रेम नमस्कार.

मी मूळची धारूर तालुक्यातली, जिल्हा बीड. सध्या नवी मुंबईत एका क्लिअरिंग एजंटकडे डॉक्युमेंटेशनला आहे, म्हणजे करार तुम्ही करता आणि त्याचे कागद आम्ही भरतो. द्राक्षाचा सीझन असला की रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत स्क्रीनसमोर. खरं तर तुमच्याबद्दल तक्रार करायला मला काही कारण नाही, करार वाढले की आमचं काम वाढतं, यंदा दिवाळीला बोनसही बरा झाला. तरी लिहितेय, कारण गप्प बसवेना.

झालं असं की २४ जुलैला ब्रिटनबरोबरच्या करारावर सह्या झाल्या आणि आमच्या साहेबांनी सांगितलं की टॅरिफचे तक्ते काढून ठेव, आपल्या पार्ट्यांच्या मालावर किती जकात कमी होतीय ते बघायला लागेल. मी तक्ते काढले. काढता काढता कामगारांवरचं एक अख्खं प्रकरण दिसलं. म्हटलं बघावं तरी. साहेब जेवायला गेल्यावर ऑफिसच्या प्रिंटरवर तेवढंच छापून घेतलं, लोकलमध्ये उभ्यानं वाचलं, घरी येऊन डिक्शनरी घेऊन परत वाचलं. लिहिलंय चांगलंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तत्त्वांचा उल्लेख आहे, वेठबिगारी नको, बालमजुरी नको, धंदा वाढवायचा म्हणून कामगार कायदे ढिले करायचे नाहीत. वाचताना खरंच बरं वाटत होतं. आणि मग पुढे आलं की या प्रकरणातल्या कुठल्याही गोष्टीसाठी करारातली तंटा सोडवायची पद्धत वापरता येणार नाही. म्हणजे व्हिस्कीच्या जकातीत कुणी शब्द फिरवला तर भांडायला जागा आहे, माणसाच्या बाबतीत फिरवला तर दोन सरकारांनी बसून चर्चा करायची. झालं.

व्हिस्कीचं मुद्दाम काढलंय. १५० टक्क्यांची जकात आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायची असं ठरलं. बोलणी जानेवारी २०२२ ला सुरू झाली होती, साडेतीन वर्षं लागली. तुम्ही मेहनत घेतली नाही असं मी अजिबात म्हणत नाही. उलट मला हेच म्हणायचंय की तुम्हाला एवढं बारीक काम जमतं.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही शहरातली कुणीतरी संस्थेवाली आहे.

माझी माय आणि अण्णा ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मधला माणूस, उचल द्यायचा, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, दिवाळीच्या आसपास ट्रक यायचा, आणि त्यात आम्ही सगळे, भांडी, पीठ, शेळी, धाकटा भाऊ. नवराबायको मिळून एक कोयता. एकट्याला धरत नाहीत, बायको नसेल तर अर्धा कोयता म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे मुलींची लग्नं का लवकर होतात हे कुणी सर्व्हे करून सांगायची गरज नाही. फडाजवळ कोपी ठोकायची, वरती पाचट नाहीतर ताडपत्री. पहाटे चारला फडात. अण्णा तोडायचे, माय पाचट काढून मोळ्या बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. एक दिवस नाही गेलं तर खाडा. आमच्या टोळीत एका खाड्याला पाचशे रुपये कापायचे, जोडीचे, म्हणजे माय आजारी पडली तरी अण्णांचा पण खाडा. पाळी असो, ताप असो, पोटात पोर असो.

मी चौथीपर्यंत दर वर्षी शाळा अर्धी सोडून जायचे. मला लिहिता यायचं म्हणून अण्णांनी मला एक काम दिलं होतं. कारखान्याच्या काट्याची पावती आली की मी ती बघून माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख, खेप आणि टन लिहायचे. मुकादमाची त्याची वेगळी वही. हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसले तेव्हा त्याच्या वहीत आणि माझ्या वहीत अकरा टनांचा फरक निघाला. मी नऊ वर्षांची, वही घेऊन उभी. मुकादम हसला, म्हणाला पोरगी हुशारंय. रात्री अण्णांनी ती पानं फाडून चुलीत घातली, कारण पुढच्या वर्षी उचल त्याच्याकडूनच घ्यायची होती.

ते माझं पहिलं डॉक्युमेंटेशन.

मायची गर्भाची पिशवी काढली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, ती अठ्ठावीसची असेल. अंगावरून जायचं, कंबर दुखायची, एवढंच. डॉक्टर म्हणाला ठेवलीस तर कॅन्सर होईल. सोनोग्राफी केली की नाही तेही तिला आठवत नाही. पैसे मुकादमाकडून घेतले, ते उचलीत चढले, आणि पंधरा दिवसांनी ती परत मोळ्या उचलत होती. आज तिच्या हाडांत काही राहिलं नाही, हात वर केला तर खाली आणताना दुसऱ्या हाताचा आधार लागतो. हे फक्त आमच्या घरचं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्यानं समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. म्हणजे सहा बायका ओळीत उभ्या केल्या तर एक. देशाचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

तुम्ही म्हणाल की बाई हे आरोग्य खात्याचं आहे, नाहीतर कामगार खात्याचं, नाहीतर राज्याचं, आमच्याकडे का आलीस. आणि वरून म्हणाल की साखर तर या करारात नाहीच. बरोबर आहे, ब्रिटननं साखरेवरची त्यांची जकात तशीच ठेवलीय, मी तक्त्यात बघितलं. पण २०२१-२२ च्या हंगामात आपण जवळजवळ ११० लाख टन साखर बाहेर पाठवली होती, तेव्हा पेपरात केवढे मथळे होते, आणि त्यातली कितीतरी महाराष्ट्रातली. त्या वर्षी तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता, निर्यात झाली म्हणून कोयत्यावाल्याला एक रुपया जास्त मिळाला नाही. नंतर सरकारनं निर्यात आखडती घेतली, २०२५ च्या जानेवारीत १० लाख टनांना परवानगी दिली, ते तुमचं धोरण, त्यात मी पडत नाही. आणि साखर नुसती पोत्यातून थोडीच जाते. बिस्किटात जाते, जॅममध्ये जाते, सरबतात जाते, आमच्याच ऑफिसमधून जाते. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांवर मोठी बातमी छापली आणि थेट जगभरच्या शीतपेय कंपन्यांपर्यंत धागा नेला, तेव्हा तिकडच्या लोकांना कळलं. आपल्याकडे ते सगळ्यांना आधीच माहीत होतं हीच तर लाज आहे.

आता माझ्या तक्रारी. नंबर घालत नाही, जशा आठवतील तशा सांगते.

सगळ्यात जास्त जी मला बोचते ती द्राक्षाची. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षात क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, नाशिकच्या बागायतदारांना विचारा, अजून कढ येतो. त्यानंतर सगळे आणखी जोरात कामाला लागले. आज ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदीत, प्रत्येक प्लॉटला नंबर आहे, औषध कधी मारलं ते लिहायचं, लॅबचा रिपोर्ट, पॅकहाऊसचा नंबर, ॲगमार्क, फायटो म्हणजे कीड-रोग नसल्याचा दाखला, आणि मग थंड ठेवणारा रीफर कंटेनर. रॉटरडॅमच्या दुकानात एखाद्या घडाबद्दल शंका आली तर तो घड दिंडोरीच्या की निफाडच्या कुठल्या बागेतला ते काढता येतं. मी स्वतः काढून दिलंय, अर्ध्या तासात. आणि त्याच बागेत विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, पेठ-सुरगाण्याहून आलेली जी बाई दिवसभर हात वर करून उभी होती, तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. माझ्या फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकानाच नाही. घडावर किती मिलिग्राम औषध राहिलं ते युरोपला माहीत पाहिजे, आणि तिच्या हातावर किती राहिलं ते? म्हणजे धागा शोधता येत नाही हे कारण आम्हाला सांगू नका. ग्राहकानं डोळे वटारले तेव्हा आपण शोधला.

दुसरं, लंडनला जाणाऱ्या मुलांचं. ब्रिटनच्या कराराच्या जोडीला असं ठरलं की आपल्याकडून तिकडे थोड्या काळासाठी कामाला जाणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत तिथल्या सामाजिक सुरक्षेचे पैसे भरावे लागणार नाहीत, इकडचा पीएफ चालू राहील, दोनदा कापला जाणार नाही. चांगलंच केलंत. माझ्या कॉलेजमधला एक मुलगा तिकडे आहे, त्याचा फायदा झाला तर मला आनंदच आहे. पण बघा ना, समुद्र ओलांडून जाणाऱ्याचा पीएफ दोनदा कापला जाऊ नये याची काळजी दोन देशांनी मिळून घेतली, आणि बीडहून कोल्हापूरला किंवा बेळगावला जाणाऱ्याचा एकदाही कापला जात नाही. का कापला जात नाही, तर त्याला मालकच नाही. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी, मुकादमाशी. शेतकरी म्हणतो माझ्या एफआरपीतून, म्हणजे ऊसाच्या सरकारी किमान भावातून, तोडणी-वाहतूक कापूनच मला पैसे देतात, मी कशाला मालक. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये, ती दिल्लीत ठरते. मुकादम म्हणतो मी पण तुमच्यातलाच. तोही खोटं बोलत नाही, त्याचीही कारखान्याकडून उचल असते.

एफआरपीवरून आठवलं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं २०१९ ला आपल्याला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं, म्हणाले तुम्ही ऊसाला जादा भाव देऊन साखर स्वस्तात बाहेर ढकलता. डिसेंबर २०२१ ला निकाल आपल्या विरुद्ध गेला, आपण लगेच अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच बंद पडलेलं असल्यामुळे ते अजून लटकलंय. त्या भांडणात शेतकऱ्याच्या बाजूनं तुम्ही उभे राहिलात, राहायलाच पाहिजे होतं. पण तिथं सगळा वाद ऊसाच्या भावाचा आणि निर्यातीच्या सबसिडीचा होता. साखर स्वस्त पडते ती सबसिडीमुळेच का? पहाटे चार ते रात्री ट्रक भरेपर्यंतच्या मजुरीचा त्यात काही वाटा नाही का? २०२४ च्या जानेवारीत संप-बैठका होऊन तोडणीत ३४ टक्के वाढ झाली, टनाला साधारण ३६६ रुपये. दोघांनी मिळून चांगल्या दिवशी दोन टन होतो. ७३२ रुपये, दोघांत. तासाचा दर तुम्हीच काढा, तुमच्याकडे कॅल्क्युलेटर चांगले असतील. सुप्रीम कोर्टानं १९८२ साली, एशियाड बांधणाऱ्या मजुरांच्या केसमध्ये, सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीच घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी. मी वकील नाही, पण एवढं मला वाचता येतं. आणि वेठबिगारीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन्ही ठरावांवर भारतानं मान्यतेची मोहोर उठवलेली आहे, एक १९५४ ला, दुसरा २००० ला. म्हणजे हे कुणी बाहेरचा आपल्यावर लादतोय असंही नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. १९९६ च्या सिंगापूर परिषदेपासून आपल्या सरकारची भूमिका आहे की कामगारांचे प्रश्न व्यापारात आणू नका, ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे राहू देत, कारण श्रीमंत देश त्याच्या आडून आपला माल अडवतात. हे खोटं नाही. मी रोज बघते, तिकडचा खरेदीदार सर्टिफिकेटं चार जास्त मागतो आणि भाव दोन सेंट कमी देतो. सर्टिफिकेटचा खर्च कुणी करायचा, तर बागायतदारानं. त्यांना आमच्या मायचा एवढा कळवळा असता तर तो किलोच्या भावात दिसला असता. त्यामुळे तुमची शंका मला पटते. पण मग घरातला प्रश्न घरात सोडवू म्हणालो त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. माझं वय त्याहून कमी आहे. बाहेरच्यांनी बोलायचं नाही आणि आतल्यांनी करायचं नाही, असं दोन्ही कसं चालेल?

आणि आता वेळही राहिलेली नाही. युरोपीय संघानं २०२४ ला कायदा केलाय की वेठबिगारीतून बनलेला माल तिकडच्या बाजारात विकता येणार नाही, कुठल्याही टप्प्यावर वेठबिगारी असली तरी. डिसेंबर २०२७ पासून लागू. दोन वर्षं उरली. त्याच युरोपबरोबर तुमची बोलणी चाललीयेत, २००७ ला सुरू झाली, २०१३ ला थांबली, २०२२ ला परत सुरू झाली. मला त्या कायद्याचा आनंद व्हायला पाहिजे ना? मला भीती वाटते. कारण खरेदीदार काय करेल ते मला माहितीये, तो सुधारणा करत बसणार नाही, तो ऑर्डर दुसऱ्या देशाला देईल. कोयत्यावाल्यांची उचल माफ होणार नाही, फक्त काम जाईल. मुकादमाचं कर्ज मात्र डोक्यावर तसंच. म्हणून तुम्ही तिथं टेबलावर आहात तर काहीतरी करा. नुसतं "आम्हाला हे मान्य नाही" म्हणून उठू नका आणि नुसतं "मान्य" म्हणून सहीही करू नका.

एक उदाहरण देते, म्हणजे हे जमतं का असा प्रश्न नको. अमेरिका-मेक्सिको-कॅनडाचा जो करार २०२० ला लागू झाला त्यात एक सोय आहे, एखाद्या कारखान्यातल्या कामगारांचे हक्क मारले जात असतील तर त्या एका कारखान्यापुरती तक्रार करता येते आणि ठराविक दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मेक्सिकोत सिलाओ इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्याबद्दल २०२१ ला असं प्रकरण झालं. कामगारांनी मतदान करून जुना युनियनचा करार फेटाळला, २०२२ ला स्वतःची नवी युनियन निवडून आणली आणि त्याच वर्षी साडेआठ टक्के पगारवाढ मिळवली. ती सोय पण एकतर्फी झुकलेली आहे, बोट कायम मेक्सिकोकडेच असतं, ते मला कळतं. पण कामगाराच्या तक्रारीवर करार हलला एवढं तर झालं. आपल्याकडे स्वित्झर्लंड-नॉर्वेवाल्या चार देशांबरोबरचा करार १ ऑक्टोबरपासून लागू झाला, त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख नोकऱ्या असं लिहून घेतलंत, शाब्बास, असं पहिल्यांदाच कुणी घेतलं. गुंतवणूक नाही आली तर सवलती काढून घेऊ हे पण त्यात आहे. आणि त्याच करारातलं कामगार-पर्यावरणाचं प्रकरण? त्यालाही तंट्याची कलमं लागत नाहीत.

तर मागण्या. फार नाहीत, आणि एकही अशी नाही की जी कागदावर बसवता येत नाही.

यापुढच्या प्रत्येक करारातलं कामगारांचं प्रकरण सही व्हायच्या आधी लोकांसमोर ठेवा. करार करायला आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही, त्यामुळे आम्हाला कळतं तेव्हा हार-तुरे झालेले असतात. पूर्ण मसुदा दाखवता येत नसेल, बोलणी बिघडतात म्हणत असाल, तर तेवढं प्रकरण तरी दाखवा, त्यात कुठलं आलंय व्यापारी गुपित. आणि मराठीत दाखवा. ऊसतोड संघटनांना बोलवा, मुकादमांना सोडून बायकांना बोलवा.

झालेल्या करारांमध्ये जी चर्चेची सोय आहे तिला देशात एक दार करा. धारूरची, पाटोद्याची, शिरूर कासारची बाई मराठीत तक्रार टाकू शकेल, तिला नंबर मिळेल, आणि अमुक दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असेल. आयातदार कंपनीला जकातीबद्दल शंका आली तर तिला दार आहे, मी त्या दारातून रोज ये-जा करते.

निर्यातीच्या कागदांत माणसाचा रकाना घाला. सुरुवात द्राक्षापासून करा, कारण तिथं सगळी यंत्रणा तयार आहे, मग साखर आणि साखर घातलेला माल. किती माणसं, मजुरी कुणी दिली, बँकेत दिली का, पीएफ नंबर आहे का, आणि उचल असेल तर किती. उचलीचा आकडा लिहायला लागला की अर्धं काम होईल असं माझं मत आहे, कारण आज तो आकडा फक्त मुकादमाच्या वहीत असतो. कारखान्याला मुख्य मालक धरायचं की नाही हे तुमच्या हातात नाही, पण निर्यात करायची असेल तर धरावं लागेल हे तुमच्या हातात आहे.

याचा खर्च शेतकऱ्याच्या गळ्यात घालू नका. करारात लिहा की खरेदीदार ज्या अटी घालेल त्याचा खर्च भावात दिसला पाहिजे. हे जमायला अवघड आहे, मला माहितीये, तिथंच तुमची साडेतीन वर्षांची चिकाटी लावा.

आणि युरोपशी बोलताना एवढं लिहून घ्याच की वेठबिगारी सापडली म्हणून माल थांबवण्याआधी त्या कामगाराचं कर्ज फेडणं, थकलेली मजुरी देणं आणि सुधारणेला वेळ देणं हे खरेदीदारानं आणि कारखान्यानं मिळून करायचं. आमच्या नावानं दार लावून घ्यायचं आणि आम्हाला बाहेर ठेवायचं असं नको.

राज्यानं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढलंय, वसतिगृहं काढलीत, त्याचं काय चाललंय ते आम्ही राज्याला विचारू, त्याचा राग तुमच्यावर काढत नाही.

अण्णा चार वर्षांपूर्वी गेले. माय आता गावाकडे नातीला सांभाळते. भाऊ आणि भावजय कोल्हापूरकडे गेलेत, एक लाख वीस हजार उचल आहे. भावजय बावीसची. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता, रेंज कोपीत येत नाही म्हणून ती रस्त्यावर येऊन बोलत होती, मागून ट्रॅक्टरचे आवाज. म्हणाली, ताई, लई त्रास होतोय, इथल्या बाया म्हणतात पिशवी काढून टाक, एकदाचं सुटशील. मी म्हटलं काही काढायचं नाही, मी येते. रजा टाकलीये, साहेब म्हणाले कंटेनरचा आठवडा सोडून कधीपण जा.

तिला मी एक काम लावून दिलंय. काट्याची पावती आली की ती मोबाइलवर फोटो काढते आणि रेंज मिळाली की मला पाठवते, मी रात्री एक्सेलमध्ये भरते, तारीख, खेप, टन. यावेळी फाडायला कुणाच्या हाती लागणार नाही. आजपर्यंत १९ पावत्या झाल्या. तुमच्या कुठल्या कार्यालयात, कुठल्या फॉर्ममध्ये त्या जमा करायच्या तेवढं कळवा, बाकी कागद भरायला मला येतं.

आपली,
धारूरची एक मुलगी, सध्या नवी मुंबई